दानेश्वरीला कुणी विचारलं?

आमच्या शांभवीनं मला दारातनं मागं सारलं. सख्ख्या नातीनं. हॉस्पिटलच्या बोळात नर्सा बघत होत्या, डायलिसिसला आलेले पेशंट बघत होते, कागलकडचे ओळखीचे दोन पावणे तर बाकावरनं उठून बघायला लागले. आणि ह्या पोरीनं माझ्यापुढं हात आडवा धरला. "अज्जी, आत जायचं न्हाई," म्हणाली. मी तिचा हात बाजूला केला, तर खांद्याला धरून मला मागं ढकललं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला.

मी शांतादेवी भरमाप्पा हत्तरकी. शाळा चौथीपर्यंत. पण शाहूपुरीतल्या गुळाच्या आडतीपासून कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीपर्यंत आमचं घर आलं, त्यात आमच्या मालकांचं डोकं किती आणि माझं किती, ते बाजारात कुणालाही विचारा. मालक गेल्यावर तर घरातलं पानसुद्धा मला विचारल्याशिवाय हललं नाही. अशा बाईला नात दारात अडवते.

ही शांभवी मिरजेला शिकून डॉक्टर झाली. एमबीबीएस. आम्हाला वाटलं, आता बाई दवाखाना काढणार, गल्लीतल्या बायका हिच्या हातचं औषध घेणार. कसलं काय! ही गेली बंगळूरला, आणखी दोन वर्षं शिकायला. काय शिकायला? तर डॉक्टर लोकांनी पेशंटशी कसं वागायचं, कुणाला काय सांगायचं, कुणाला विचारल्याशिवाय काय करायचं नाही, ते. त्याला जैवनीतिशास्त्र म्हणतात म्हणे. आजारी माणसांनी लिहिलेल्या गोष्टी आणि कवितासुद्धा वाचायला लावतात.

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बनाबाई. त्यांनी मला विचारलं, "शांताक्का, नात आता कशातली स्पेशालिस्ट हुणार?"

मी म्हटलं, "डॉक्टरनं नीट कसं वागायचं, त्यातली."

"म्हंजे बाकीच्या डॉक्टरास्नी ते येत न्हाई व्हय?"

मी त्यांना चहा ओतला.

तर झालं असं. शांभवीचा थोरला भाऊ सोमेश. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, दोन वर्षांची पोर. पायाला सूज यायला लागली, जेवण जाईना. तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस सुरू झालं. पैलवानासारखा पोरगा, रिक्षातनं उतरताना माझ्या खांद्याचा आधार घ्यायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, हे असं किती दिवस चालवणार? घरातल्या कुणाची तरी किडनी बसवलेली बरी. ऑपरेशन पुण्याला होईल, तयारी इथं करू.

शांभवी बंगळूरहून धावत आली आणि सगळ्यांत आधी तिनंच रक्त दिलं. तिचा गट जुळला नाही. तिच्या आईला साखर, म्हणजे तीही बाद. सोमेशची बायको दानेश्वरी, चंदगडकडची, तिचा गट जुळला. शांभवी परीक्षेसाठी परत गेली आणि त्याच आठवड्यात रात्री जेवताना मी विषय संपवला.

"बाहीर कशाला शोधायचं? घरात दानेश्वरी हाय की."

दानेश्वरी भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला. मग माझ्या ताटात भाकरी ठेवून ती आत गेली. शांभवीची आई हळूच म्हणाली, "ह्यांचा पण गट त्योच हाय..." माझा मुलगा मृत्युंजय, पोरांचा बाप, ताटाकडं बघत होता. मी तिला तिथंच थांबवलं. "कर्त्या पुरुषाच्या अंगाला सुरी लावायची न्हाई. फाउंड्री कोण बघणार? तू?" मृत्युंजयनं आमटी वाढून घेतली. झालं.

आमच्याकडं सून गप्प बसली म्हणजे होकार. ही काही माझी एकटीची रीत नाही. माझ्या सासूपुढं मीपण असाच होकार दिला आहे. माझे दागिने मोडायचे ठरले तेव्हा, थोरल्या जावेची दोन पोरं माझ्या पदरात आली तेव्हा. कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. घरं अशीच चालतात.

दानेश्वरीच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. सगळ्या चांगल्या. डॉक्टरांनी आमचं अभिनंदन केलं. आता एवढी मोठी गोष्ट आमची सून करणार, ती गावाला कळायला नको? मी बनाबाईंना सांगितलं. बनाबाई कुठलं काम अर्धं करत नाहीत. वटपौर्णिमेचा आठवडा होता. मंडळाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. साडी, नारळ, शाल, हार. दोनशे बायका. बनाबाई माइकवर म्हणाल्या, "सावित्रीनं यमाच्या मागनं जाऊन नवरा आणला, आमच्या दानेश्वरीनं स्वतःच्या पोटातनं आणला." टाळ्या थांबेनात. चौकात डिजिटल बोर्ड लागला. वर मोठा फोटो दानेश्वरीचा, लग्नातल्या अल्बममधला, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे छोटे छोटे फोटो, गॉगल लावलेले. "पतीला जीवदान देणाऱ्या आधुनिक सावित्री सौ. दानेश्वरी सोमेश हत्तरकी." सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोल म्हटलं, तर ती माइकपुढं उभी राहून रडली. बायकाही रडल्या. मला तर इतका अभिमान वाटला की मी उठून तिची शाल नीट केली.

परीक्षा संपवून शांभवी आली ती त्या बोर्डाखालूनच. रिक्षातनं उतरली, पिशवी उंबऱ्यात टाकली.

"अज्जी, वैनीला कुणी विचारलं?"

"काय विचारायचं?"

"किडनी देणार का म्हणून."

"नवरा हाय तिचा. हे काय भाजी कुठली करायची असं हाय विचारायला?"

"भाजी कुठली करायची ते तरी तू तिला कधी विचारलंस?"

तिची आई म्हणाली, "शांभवी, अज्जीशी असं बोलू नको." पण ती थांबेना.

"दोनशे बायकांपुढं साडी नेसवली, चौकात फोटो लावला. आता तिला न्हाई म्हणायचं असलं तर तिनं कुठं जाऊन म्हणायचं?"

"तिला कशाला न्हाई म्हणायचं असंल? आपल्या घरातली सून हाय ती."

"म्हणून तर विचारतोय," म्हणाली. आमच्या इकडच्या बायकांसारखी पुरुषी 'विचारतोय' म्हणाली, तेव्हा कळलं की पोरगी खरंच तापली आहे. एरवी बंगळूरहून आली की पुस्तकातल्यासारखं बोलते.

दुसऱ्या दिवशी ती किडनीच्या डॉक्टरांना भेटली. डॉक्टर संयोगिता, बाई हुशार, बोलायला मऊ. ह्या दोघींनी ठरवलं की दानेश्वरीशी डॉक्टरांनी एकटीनं बोलायचं. घरचं कुणी नको. मी म्हटलं, मग शांभवी, तू तर बसशील ना आत? तर म्हणाली, "मी कशी बसणार? मी सोमेशची बहीण. माझं तोंड बघून वैनी खरं कशी बोलेल?"

आणि मग तो दिवस. दानेश्वरी आत गेली, दार लागलं. बराच वेळ दार उघडेना. मला वाटलं, पोरगी बुजरी आहे, डॉक्टर इंग्रजी शब्द टाकत असतील, थोरलं माणूस शेजारी बसलं की धीर येईल. म्हणून मी उठले. पुढचं वर सांगितलंच आहे.

दार उघडलं. दानेश्वरी खाली मान घालून बाहेर आली. डॉक्टर म्हणाल्या, "दानेश्वरीची किडनी घेता येणार नाही."

"का?" मी विचारलं. "आठ दिवसांमागं तर तुम्हीच पेढे मागत होता."

"ते मला सांगता येणार नाही, आज्जी. घेता येणार नाही, एवढंच."

घरी निघालो. रिक्षात तिघी होतो. चौक आला तेव्हा दानेश्वरीनं दुसरीकडं मान वळवली.

मी चौथी शिकले आहे, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. रिपोर्ट चांगले होते. आत कुणी यंत्र लावलं नाही, सुई टोचली नाही, नुसतं बोलणं झालं. नुसत्या बोलण्यानं कुठली किडनी बिघडते? मी शांभवीला गच्चीवर गाठलं.

"तूच पढवलंस तिला."

"मी आत नव्हते, अज्जी. तू बघितलंस."

"मग जा, विचार तिला. काय बोलली आत ते विचार."

"मी विचारणार न्हाई."

"तुझा सख्खा भाऊ मरंल की गं!"

तेव्हा ती खाली बसली, गच्चीच्या फरशीवरच. लहानपणी पडल्यावर रडायची तशी रडायला लागली. "मला म्हाईत न्हाई व्हय ते? माझा गट जुळला असता तर मी त्याच दिवशी टेबलावर झोपले असते. मला माझा भाऊ पाहिजे, अज्जी. पण वैनीला कोपऱ्यात गाठून नको."

मग डोळे पुसून म्हणाली, "आमच्या वर्गात ह्यावर भांडण झालं होतं. एखाद्याला अवयव द्यायचा नसला आणि घरच्यांपुढं बोलायची सोय नसली, तर डॉक्टरनं 'घेता येणार नाही' एवढंच सांगून कारण झाकावं का? मी सगळ्यात जोरात म्हटलं होतं की झाकू नये, ते खोटं बोलल्यासारखंच हाय. सर म्हणाले, हे उत्तर जपून ठेव, पुढं कधीतरी तुला लागंल." तिनं नाक पुसलं. "आपल्या घरात काय झालं ते मला म्हाईत न्हाई. खरंच न्हाई. पण त्या दारात उभी असताना मला वाटलं, वर्गात मी लई सोपं बोलले होते."

मी खाली निघून आले. रागानंच आले. पण ते बोलणं डोक्यातनं जाईना. एवढ्या शिकलेल्या माणसांना एवढ्याशा गोष्टीवर भांडावं लागतं, म्हणजे ती गोष्ट एवढीशी नसावी.

सोमेशला आम्ही सांगितलं तेव्हा तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "सुटलो." मी म्हटलं, असं का बोलतोस रे? तर म्हणाला, "ती ताट वाढायला आली की मला चोरासारखं वाटायचं, अज्जी." त्या संध्याकाळी तो पोरीला मांडीवर घेऊन बसला. बऱ्याच दिवसांनी.

इकडं गल्लीत वेगळंच. बायका दानेश्वरीला भेटायला यायला लागल्या. "बिचारीची केवढी इच्छा होती. देवानं दिलं न्हाई त्याला ती काय करणार?" बनाबाई म्हणाल्या, बोर्ड राहू दे, मन बघायचं माणसाचं. एकीनं तर तिच्या पाया पडायला सुरुवात केली. दानेश्वरी मागं मागं सरकत भिंतीला टेकली.

त्याच दुपारी मी देवघरात बसले होते. आम्ही लिंगायत, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा चाललेली. ती पूजा चालू असताना माझ्याशी कुणी बोलत नाही. दानेश्वरी दारात येऊन उभी राहिली, पूजा संपेपर्यंत तशीच. मग म्हणाली,

"अज्जी, तो बोर्ड उतरवायला सांगा. मला त्याच्या खालनं जाता येत न्हाई."

"का?"

"माझ्या किडनीत काय दोष न्हाई. मी न्हाई म्हटलं."

मला माहीत होतं, तरी कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मी म्हटलं, "नवरा तुझा."

"व्हय. त्यो पाहिजेच हाय मला. पर माझी आई मी लहान असताना ऑपरेशनात गेली. मी मामाच्या दारात वाढले. दोघंबी टेबलावर, आणि काय झालं तर पोरीचं काय? मला भ्या वाटलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, भीती वाटते का? तवर मला कुणी ते विचारलंच नव्हतं." मग तिनं मान वर केली. आमच्या घरात आल्यापासून तिनं माझ्या डोळ्यांत बघून बोललेलं मला आठवत नाही. "आणि मामंजींचा गटबी त्योच हाय, अज्जी. त्यांना कुणी का न्हाई विचारलं?"

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुष्कळ बोलले. तिनं ऐकून घेतलं, पण "चुकलं" म्हणाली नाही. एरवी मीठ जास्त पडलं तरी "चुकलं" म्हणणारी सून.

ती गेल्यावर मी लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं आणि हिशेब मांडत बसले. कर्त्या पुरुषाला सुरी लावायची नाही, हे मी म्हटलं होतं. पण मृत्युंजयची फाउंड्री पुढं सोमेशच तर बघणार होता. पोरगा गेला तर फाउंड्री कुणासाठी? आणि दानेश्वरीला सुरी लावायला मला काहीच वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, ह्याचं उत्तर मी शोधलं, आणि मिळालं ते मला आवडलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसले. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मृत्युंजय देईल. एवढंच म्हणायचं, की आमच्या घरात ते झालंच असतं. तो न बोलता आमटी वाढून घेणार, आणि सकाळी जाऊन रक्त देणार. शांभवी समोर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही, ती पोरीला भात भरवत होती. मी वाक्य गिळलं. जेवण झाल्यावर मृत्युंजयला माझ्या खोलीत बोलावलं, दार लावलं.

आता एकट्या माणसाला विचारायचं म्हणजे कसं, हे मला येत नव्हतं. आयुष्यात सांगितलं, विचारलं नाही. मी म्हटलं, "सोमेशला तुझी किडनी चालंल असं वाटतंय. द्यायची का न्हाई ते तू ठरव. न्हाई म्हटलास तर ते ह्या खोलीभायेर जाणार न्हाई. माझ्याकडनंबी तुला कधी टोमणा ऐकावा लागणार न्हाई."

टोमणा मारणार नाही म्हटल्यावर मृत्युंजयनं दचकून माझ्याकडं बघितलं.

मग तो हातातलं घड्याळ फिरवत बसला. बावन्न वर्षांचा माणूस. शेवटी म्हणाला, "अव्वा, पयल्या दिवसापासनं मला वाटत होतं कुणीतरी विचारावं. आणि कुणी विचारंल म्हणून भ्या बी वाटत होतं. त्या दिवशी तू हिला गप्प केलंस आणि मला बरं वाटलं. पोराच्या जिवाचा प्रश्न आणि मला बरं वाटलं." त्यानं घड्याळ परत सारखं केलं. "तवापासनं जेवण ग्वाड लागंना."

"मग?"

"देतो. तू सांगतीस म्हणून न्हाई. मला द्यायची हाय म्हणून."

तरी डॉक्टर संयोगितांनी त्यालाही एकट्याला आत बोलावलं. मी बाकावर बसले. दार बराच वेळ बंद होतं. शांभवी शेजारी बसली होती. तिला वाटत असावं, अज्जी आता उठणार. मी उठले नाही. कमरेत कळ आली तरी उठले नाही. मृत्युंजय बाहेर आला तेव्हा पाण्याची बाटली मागितली आणि म्हणाला, "ठरलं."

बनाबाईंना बोर्ड काढायला सांगितला. "का हो शांताक्का?" "वाऱ्यानं फाटायला लागलाय," मी म्हटलं. फाटला नव्हता. मृत्युंजयचा सत्कार करू का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसल्या शालीनं फार उकडतं, राहू दे.

दिवाळीच्या आधी पुण्याला ऑपरेशन झालं. बाप आणि लेक एकाच मजल्यावर. पहिले काही दिवस जीव मुठीत होता. मग सोमेशला लघवी नीट व्हायला लागली आणि मी हॉस्पिटलच्या बोळात पेढे वाटले. लघवीसाठी पेढे वाटणारी बाई तिथल्या नर्सांनी पहिल्यांदाच बघितली असणार. दानेश्वरीनं खरं काय ते सोमेशला स्वतःच सांगितलं, पुण्यातच. दोघं काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी दाराशी कान लावला नाही, लावता आला असता. आणि हे लिहायच्या आधी मी दानेश्वरीला विचारलं. हसू नका. तिनं दोन दिवस विचार केला, मग होय म्हणाली.

संक्रांतीला घरी आलेली शांभवी बंगळूरला परत निघाली. शेवटचं वर्ष. बॅग भरून माझ्यापुढं येऊन बसली, पाया पडली, तरी उठेना.

"अज्जी, अजून राग हाय?"

"कशाचा?"

"ढकलल्याचा."

घरातले सगळे इकडं तिकडं बघायला लागले. सोमेशनं टीव्हीचा आवाज कमी केला. मी पान लावत होते ते खाली ठेवलं.

"हाय. मरस्तोवर राहणार," मी म्हटलं. "थोरल्या माणसाला चारचौघांत ढकलणं चूक ते चूकच, तुझ्या पुस्तकात काय का लिहिलं असंना. त्याची माफी तुला मिळणार न्हाई. आता दुसरं ऐक. त्या दिवशी मी आत गेले असते, तर ही दानेश्वरी व्हय म्हणाली असती. आणि मी त्याला तिची खुशी समजून जन्मभर मिरवलं असतं. सुई टोचणारे डॉक्टर ह्या गावात बक्कळ हाईत, शांभवी. माझ्यासारखीला दारात थांबवणारं कुणी न्हाई. तू त्येच शिक. आणि शिकून हितंच ये."